स्वतःचा फोटो स्वतःच काढा: कॅमेरा, टायमर आणि खिडकीचा उजेड



लेख पुढे वाचण्याआधी एक काम करा. फोन उघडा आणि तुमच्या व्यवसायाच्या व्हॉट्सॲपचा डीपी बघा. काय दिसतंय? गुलाबाचं फूल? गणपती बाप्पा? मुलाचा बोरन्हाणाचा फोटो? की कुठल्या तरी लग्नातला फोटो, ज्यात तुम्ही अर्धे आहात आणि शेजारी कोणाचा तरी खांदा आहे?

हसू नका, मी पण त्यातलाच. माझ्या पहिल्या कार्यशाळेच्या फ्लेक्ससाठी मी भाच्याच्या लग्नातला फोटो कापून दिला होता. डोक्यावर अर्धा फेटा, चेहरा धूसर आणि खांद्यावर एक हात. सभागृहाच्या दारात सहा फुटी फ्लेक्स लागला. पहिल्याच बॅचमधल्या एका काकांनी विचारलं, "सर, बाकी सगळं समजलं, पण हा हात कोणाचा?" सगळी बॅच हसली. मी पण हसलो, पण घरी येताना मनात तेच. लोकांना "व्यवसायात विश्वास मिळवा" असं शिकवणारा माणूस, आणि त्याला स्वतःचा एक धड फोटो देता येत नाही!

म्हणून आजचा विषय हा: डिजिटल कॅमेऱ्यावर स्वतःचा फोटो स्वतः कसा काढायचा. फोटोग्राफर नाही, मदतीला कोणी नाही, फक्त तुम्ही आणि कॅमेरा. व्हिडिओमध्ये मी करून दाखवलंच आहे. इथे तेच नीट, सावकाश, लिहून ठेवता येईल असं सांगतो.

फोटो नसला तर काय बिघडतं?

एक खरी गोष्ट सांगतो. त्या ताईंची परवानगी घेतली आहे, नाव आणि गाव मात्र सांगत नाही. सातारा जिल्ह्यातल्या आहेत, घरगुती कांदा-लसूण मसाला करतात. मिरची स्वतः निवडतात, वाळवतात, भाजतात आणि डंकावर समोर उभं राहून कुटून घेतात. माल एक नंबर. मी स्वतः घेतो.

एका उन्हाळ्यात त्यांना पुण्यातून फोन आला. एका सोसायटीतल्या बायकांनी मिळून पंधरा किलो मसाला घ्यायचं ठरवलं होतं. ताईंसाठी तेव्हा ती सगळ्यात मोठी ऑर्डर. ताईंनी दर सांगितला आणि अर्धे पैसे आधी पाठवा म्हणाल्या. त्यावर मेसेज आला: "ताई, तुमच्या डीपीला मिरचीचा फोटो आहे. पैसे पाठवायला गेलं की कोणा पुरुषाचं नाव येतं. तुमचा फोटो नाही, काही नाही. आम्ही नक्की कोणाला पैसे पाठवतोय?"

खातं नवऱ्याच्या नावावर होतं, म्हणून त्यांचं नाव येत होतं. फसवणूक अजिबात नव्हती. पण समोरच्या बाईंचं तरी काय चुकलं? रोज ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्या वाचणारा माणूस विचारणारच. ऑर्डर गेली.

मी ताईंना म्हटलं, "ताई, तुमचा फोटो लावा ना."

त्या म्हणाल्या, "सर, माझा नको. मसाल्याचाच लावते की."

दोन-तीनदा सांगूनही ऐकेनात, तेव्हा मी कारण विचारलं. ताईंच्या चेहऱ्यावर आणि हातांवर कोड आहे. त्या म्हणाल्या, "खायची वस्तू विकते सर मी. हे बघून कोण घेईल?" एकदा त्या स्टुडिओत गेल्या होत्या. तिथल्या मुलाने फोटो काढला आणि न विचारता संगणकावर सगळे डाग पुसून टाकले. ताई म्हणाल्या, "फोटो घेऊन घरी आले, तर माझी धाकटी विचारते, आई, ही कोण?"

यावर माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. फोटो लावायचा की नाही हे ठरवायचा हक्क त्यांचा. मी एवढंच म्हटलं, "ताई, लावायचं का ते नंतर बघू. आधी दार बंद करा आणि तुमचा फोटो तुम्हीच काढा. कोणी बघणार नाही, कोणी पुसणार नाही. आवडला नाही तर डिलीट."

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी पद्धत समजून घेऊ.

फोनची सेल्फी का नको?

"सर, फोनमध्ये एवढा भारी कॅमेरा आहे, मग हे लोढणं कशाला?" हा प्रश्न प्रत्येक बॅचला येतो.

कारण अंतर. सेल्फी हाताच्या अंतरावरून निघते, म्हणजे जेमतेम दोन फूट. इतक्या जवळून नाक मोठं दिसतं, कान मागे गेल्यासारखे दिसतात आणि कपाळ फुगल्यासारखं वाटतं. दोष तुमच्या चेहऱ्याचा नाही, अंतराचा आहे. ग्राहक आपल्याला दुकानात पाच-सहा फुटांवरून बघतो, आणि तेवढ्याच अंतरावरून काढलेला फोटो "आपल्यासारखा" दिसतो. कॅमेरा लांब ठेवून झूम करता येतं, म्हणून कॅमेरा.

दुसरं, सेल्फीत एक खांदा पुढे येतो आणि नजर लेन्सऐवजी स्क्रीनवरच्या स्वतःकडे जाते. ग्राहकाला वाटतं हा माणूस भलतीकडेच बघतोय.

कॅमेरा नसेलच तर फोन स्टुलावर टेकवून, मागच्या कॅमेऱ्याने आणि टायमर लावून काढा. खाली सांगितलेलं उजेडाचं आणि मांडणीचं सगळं तिथेही लागू पडतं.

एक गंमत सांगतो. स्वतःचा फोटो स्वतः काढणं हे काही आजच्या पोरांचं खूळ नाही. १८३९ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात रॉबर्ट कॉर्नेलियस नावाच्या तरुणाने आपल्या दुकानाबाहेर कॅमेरा मांडला, लेन्सचं झाकण काढलं, समोर गेला आणि हालचाल न करता थांबला. टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या अशा फोटोंपैकी तो एक आहे आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवलेला आहे. आणि या माणसाचा घरचा धंदा काय होता? दिवे बनवण्याचा! म्हणजे तोही आपल्यासारखाच धंदेवाईक. पुढे त्याने काही वर्षं फोटो स्टुडिओ चालवला आणि परत दिव्यांच्या धंद्यात गेला. फोटोत तो मधोमध नाही, केस विस्कटलेले आहेत. तरी माणूस खरा वाटतो. आपल्याला तेच हवंय.

सामान काय लागेल?

नवीन काही विकत घेऊ नका. हे मी ठळक अक्षरात सांगतोय असं समजा! अनेक घरांत दहा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला डीएसएलआर कपाटात पडून असतो. भाचा, पुतण्या, शेजारचा कॉलेजचा मुलगा, कोणाकडे तरी असतोच. एक दिवसासाठी मागून आणा. सोबत मिळालेली साधी १८-५५ ची लेन्स पुरते.

यादी लिहून घ्या:

- कॅमेरा आणि लेन्स. लेन्सची काच मऊ सुती कापडाने पुसलेली.
- पूर्ण चार्ज केलेली बॅटरी आणि रिकामं मेमरी कार्ड.
- ट्रायपॉड. नसेल तर उंच स्टूल, त्यावर पुस्तकं किंवा डबे आणि वर तांदळाची छोटी पिशवी. पिशवीवर कॅमेरा छान बसतो, हलत नाही. पट्टा मात्र स्टुलाला गुंडाळून ठेवा, लोंबला की पाय अडकतो.
- एक पांढरी चादर.
- खडू किंवा चिकटपट्टी.
- एक वर्तमानपत्र. हे कशाला ते पुढे कळेल.

पायरी १: उजेड शोधा

फोटो म्हणजे उजेड, बाकी सगळं नंतर. घरातली अशी खिडकी शोधा जिच्यातून भरपूर उजेड येतो पण थेट ऊन येत नाही. उत्तरेची खिडकी दिवसभर चालते. ऊन येतच असेल तर खिडकीवर पांढरी पातळ ओढणी किंवा जुनं धोतर लावा, उजेड मऊ होतो.

आता घरातले सगळे दिवे बंद करा. होय, बंद. खिडकीचा उजेड एका रंगाचा, ट्यूबलाइटचा दुसऱ्या आणि पिवळ्या बल्बचा तिसऱ्या रंगाचा असतो. तिन्ही मिसळले की अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा पिवळा दिसतो. ते नंतर दुरुस्त करायला फार त्रास पडतो.

खिडकीपासून साधारण तीन फुटांवर उभे राहा किंवा बसा. खिडकी पाठीमागे नको, चेहरा काळा पडेल. अगदी समोरही नको, चेहरा सपाट दिसतो. खिडकी थोडी समोर आणि थोडी बाजूला असू द्या. चेहऱ्याची दुसरी बाजू फार काळोखी वाटली तर त्या बाजूला खुर्चीवर पांढरी चादर टाका. चादर उजेड परत फेकते आणि सावली हलकी होते. स्टुडिओत यासाठी वेगळे रिफ्लेक्टर असतात, आपलं काम चादरीवर भागतं.

कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद. समोरून आलेला फ्लॅश कपाळ चमकवतो आणि मागच्या भिंतीवर काळी सावली पाडतो.

पायरी २: मागे काय आहे ते बघा

तुम्ही खिडकी शोधता, उजेड बघता आणि मागे गॅस सिलिंडर विसरता! माझ्याकडे आलेल्या फोटोंमध्ये मागे काय काय नसतं: दोरीवरचे कपडे, गेल्या वर्षीचं कॅलेंडर, पंख्याचं बटण, आणि डोक्यातून उगवलेला नळाचा पाइप.

दोन पर्याय चांगले. एक, साधी एकरंगी भिंत. दोन, तुमचं काम. शिवणकाम असेल तर मागे कापडांचे गठ्ठे, मसाला असेल तर बरण्यांची मांडणी, गॅरेज असेल तर पान्यांचा बोर्ड. मला दुसरा पर्याय जास्त आवडतो, कारण फोटो बघताच ग्राहकाला कळतं की तुम्ही काय करता. पण चार वस्तू ठेवा, चाळीस नको.

भिंतीला चिकटून उभे राहू नका. भिंत आणि तुम्ही यात चार-पाच फूट अंतर ठेवा. मागचं थोडं धूसर होतं आणि तुम्ही उठून दिसता.

पायरी ३: कॅमेरा मांडा

तुम्ही जिथे असणार तिथून पाच-सहा फुटांवर कॅमेरा ठेवा. उंची तुमच्या डोळ्यांइतकी. खालून काढलेल्या फोटोत हनुवटी आणि नाकपुड्या दिसतात, फार वरून काढला तर माणूस बिचारा दिसतो. झूम फिरवून ५०-५५ वर आणा. कॅमेरा उभा धरला तर या अंतरावरून डोक्यापासून साधारण पोटापर्यंत फ्रेम मिळते.

डोक्याच्या वर आणि बाजूंना मोकळी जागा सोडा. डीपी गोल कापला जातो, इन्स्टाग्रामवर वेगळा, व्हिजिटिंग कार्डवर वेगळा. जागा सोडलेली असली की हवं तसं कापता येतं. डोकंच कापलं गेलं असेल तर काही करता येत नाही.

पायरी ४: सेटिंग, फक्त एवढंच

घाबरू नका, पाचच गोष्टी आहेत.

एक, वरची चकती अपर्चर प्रायॉरिटीवर आणा. काही कॅमेऱ्यांवर ती 'ए' असते, काहींवर 'एव्ही'. अपर्चर ५.६ ठेवा. काही लेन्सवर १.८ पर्यंत जाता येतं, पण एकट्याने फोटो काढताना तो मोह टाळा. थोडं पुढे-मागे झालात की डोळे धूसर होतात. ५.६ ते ८ मध्ये तेवढी चूक खपून जाते.

दोन, शटर स्पीड १/१२५ च्या खाली जाऊ देऊ नका. कॅमेरा स्टुलावर स्थिर असला तरी तुम्ही स्थिर नसता. आपण श्वास घेतो, हसतो, मान हलवतो. १/३० वर त्याची धूसर रेघ येते.

तीन, शटर त्याहून खाली जात असेल तर आयएसओ वाढवा. ४०० ने सुरू करा, मग ८००, गरज पडली तर १६००. थोडे दाणे दिसले तर चालतील. दाणेदार पण स्पष्ट फोटो वापरता येतो, हललेला फोटो फुकट जातो.

चार, व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता डेलाइट किंवा क्लाउडीवर ठेवा, म्हणजे प्रत्येक फोटोत रंग बदलत नाही.

पाच, फोटोची साइज सर्वांत मोठी आणि क्वालिटी फाइन.

एक चाचणी फोटो काढा. चेहरा काळपट वाटला तर प्लस-मायनसचं बटण दाबून थोडं प्लसकडे न्या. मागे पांढरी भिंत असली की कॅमेरा फसतो आणि सगळं अंधारं करतो, तेव्हा हे हमखास लागतं.

पायरी ५: फोकस, इथेच सगळे अडकतात

आता नीट लक्ष द्या. एकट्याने फोटो काढताना सगळ्यात जास्त चूक इथे होते.

टायमर लावून बटण दाबलं की बरेच कॅमेरे त्याच क्षणी फोकस करतात. त्या क्षणी तुम्ही कॅमेऱ्याच्या मागे असता आणि समोर रिकामी खुर्ची असते. कॅमेरा बिचारा मागच्या भिंतीवर फोकस करतो. तुम्ही पळत जाऊन बसता, छान हसता, आणि फोटोत भिंतीचा पोपडा एकदम स्पष्ट, तुम्ही मात्र धुक्यात!

उपाय सोपा आहे:

१. तुम्ही जिथे बसणार तिथे खुर्ची ठेवा. पायांच्या जागी जमिनीवर खडूने खूण करा.
२. खुर्चीवर उशा रचून बरोबर तुमच्या चेहऱ्याच्या जागी वर्तमानपत्र अडकवा. उभं राहून काढायचं असेल तर दोरीला हँगर लावून त्यावर वर्तमानपत्र टाका. अक्षरं काळी-पांढरी असल्यामुळे कॅमेऱ्याला त्यावर फोकस पकडणं सोपं जातं.
३. बटण अर्धं दाबून वर्तमानपत्रावर फोकस करा. स्क्रीनवर मोठं करून बघा, अक्षरं वाचता आली पाहिजेत.
४. आता लेन्सवरचा खटका एएफवरून एमएफवर करा. फोकस कुलूपबंद झाला.
५. यानंतर झूमला आणि लेन्सच्या रिंगला हात लावायचा नाही. लागला तर परत पहिल्यापासून.
६. वर्तमानपत्र काढा आणि त्या जागी तुम्ही या.

नवीन कॅमेऱ्यांत डोळा ओळखून फोकस करायची सोय असते आणि स्क्रीन समोर वळवता येतो. तुमच्या कॅमेऱ्यात असेल तर ही कसरत वाचेल. कॅमेऱ्याला वायफाय असेल तर कंपनीचं ॲप फोनवर घेऊन फोनवरूनच बघता आणि क्लिक करता येतं. छोटा रिमोट असेल तर उत्तम, फक्त तो हातात दिसू देऊ नका. रिमोटला दोन सेकंदांचा टायमर लावला की हात खाली घ्यायला वेळ मिळतो.

पायरी ६: टायमर आणि तुम्ही

टायमर दहा सेकंदांचा ठेवा. बऱ्याच कॅमेऱ्यांत एका टायमरमध्ये लागोपाठ अनेक फोटो काढायची सोय असते, ती शोधा. पहिल्या फोटोत माणूस "आता निघणार, आता निघणार" म्हणून ताठ असतो. तिसऱ्या-चौथ्यात सैल होतो. कामाचा फोटो बहुतेक तिथेच मिळतो.

आता बसायचं कसं? पासपोर्ट फोटोसारखं छाती पुढे काढून नाही. शरीर किंचित तिरकं, चेहरा कॅमेऱ्याकडे. हनुवटी थोडी पुढे आणि जराशी खाली. नजर थेट लेन्सच्या काचेत. लेन्स म्हणजे तुमचा सगळ्यात जुना, आवडता ग्राहक समजा. तो दारात आलाय आणि तुम्ही म्हणताय, "या, बसा." मी चक्क मोठ्याने बोलतो, "या काका, कसे आहात?" घरात कोणी नसतं, लाज कसली? बोलल्यावर चेहऱ्यावर जे येतं ते "स्माइल प्लीज" म्हणून येत नाही.

हातांचं काय करायचं हा सगळ्यांचा प्रश्न असतो. त्यांना काम द्या. मसाल्याची बरणी, टेप, कात्री, पाना, हिशेबाची वही. रोज हातात असतं तेच. उसना लॅपटॉप समोर ठेवून "ऑफिस" दाखवू नका, डोळ्यांत दिसतं ते.

कपडे तुम्ही ग्राहकासमोर जाताना घालता तेच, फक्त इस्त्री केलेले. बारीक पट्ट्यांचा शर्ट टाळा, फोटोत त्या पट्ट्या थरथरल्यासारख्या दिसतात. खाद्यपदार्थाचा व्यवसाय असेल तर डोक्यावर टोपी आणि अंगावर स्वच्छ ॲप्रन जरूर घाला, ग्राहक तेही बघतो.

किती फोटो काढायचे? निदान पन्नास. फुकट आहेत. पहिले वीस उजेड आणि जागा जमवण्यात जातील, पुढच्या दहात तुम्ही लाजाल आणि शेवटच्या वीसात कुठेतरी तुम्ही असाल.

पायरी ७: निवड आणि दुरुस्ती

लगेच निवडू नका. त्या दिवशी आपल्याला आपले दोषच दिसतात. रात्रभर जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी तीन फोटो बाजूला काढा आणि घरातल्या नव्हे, बाहेरच्या दोघांना दाखवा. "मी कसा दिसतो?" असं विचारू नका. विचारा, "या माणसाला तुम्ही पैसे आधी द्याल का?"

दुरुस्ती फक्त इतकीच: थोडा उजेड, थोडा रंग आणि कापून सरळ करणं. चेहरा गुळगुळीत करणारं ॲप नको, गोरं करणारं तर मुळीच नको. माझा एक साधा नियम आहे. जे आठ दिवसांत आपोआप जाणार आहे, म्हणजे पुटकुळी, ओरखडा, ते पुसलं तर चालेल. जे कायमचं तुमचं आहे, म्हणजे तीळ, वण, सुरकुत्या, ते राहू द्या. फोटो बघून ग्राहक दुकानात आला आणि त्याला तुम्ही ओळखू आला नाहीत, तर पहिली शंका तिथेच सुरू होते.

पायरी ८: फोटो जपून वापरा

मूळ फोटो कधीही व्हॉट्सॲपवर साधा पाठवून तोच पुढे वापरू नका. व्हॉट्सॲप फोटो दाबून छोटा करतं. फ्लेक्सवाल्याला किंवा कार्डवाल्याला पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्हवर द्या. माझा तो फेट्याचा फोटो धूसर छापला गेला त्याचं कारण हेच होतं, चार मोबाइल फिरून आला होता.

हिशेब समजून घ्या. चांगल्या छपाईला एका इंचात ३०० पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो देतो, म्हणजे २० बाय १३ इंचांची छपाई आरामात. व्हिजिटिंग कार्डवरच्या एक इंची फोटोला ३०० पिक्सेल पुरतात. म्हणजे एकच चांगला मूळ फोटो कार्ड, बॅनर, डीपी, सगळीकडे चालतो.

आणि तो सगळीकडे एकच ठेवा. व्हॉट्सॲप, गुगलवरची दुकानाची नोंद, इन्स्टाग्राम, पाकिटावरचं लेबल. ग्राहकाने तोच चेहरा तीन ठिकाणी बघितला की ओळख बसते. मात्र सरकारी अर्ज किंवा बँकेच्या फॉर्मसाठी हा फोटो नाही. त्यांचे माप आणि पार्श्वभूमीचे नियम वेगळे असतात, तिथे त्यांच्या नियमाप्रमाणेच द्या.

ताईंचं पुढे काय झालं?

ताईंनी भाच्याचा कॅमेरा आणला. भाच्याने चकती कुठे फिरवायची तेवढं दाखवलं आणि त्याला त्यांनी बाहेर पाठवलं. दुपारी मुली शाळेत गेलेल्या. स्वयंपाकघराची खिडकी, दोन डब्यांवर कॅमेरा, मागे मसाल्याच्या बरण्या. पहिले तीसेक फोटो भिंतीवर फोकस झालेले. मला फोन आला, "सर, बरण्या लई झ्याक आल्यात, मीच दिसंना!" मग मी वर्तमानपत्राची युक्ती सांगितली.

संध्याकाळपर्यंत त्यांनी शंभरच्या वर फोटो काढले होते. काहींत पदराने हात झाकलेले, काहींत मान वळवलेली. ताई मला नंतर म्हणाल्या, "साठ-सत्तर झाल्यावर मला कंटाळा आला सर, झाकायचा." शेवटच्या फोटोंत त्या सरळ कॅमेऱ्याकडे बघतायत. दोन्ही हातांत मिरचीची परात, हातांवरचं कोड दिसतंय, चेहऱ्यावरचं दिसतंय. आणि एवढं शांत हसू की मी तो फोटो बघून दोन मिनिटं काही बोललो नाही.

तो त्यांनी लगेच लावला नाही. पंधरा दिवस फोनमध्ये ठेवला. मी विचारलं नाही. मग एका सकाळी बघितलं, तर मिरची गेलेली आणि ताई आलेल्या.

विक्री दुप्पट झाली असं मी सांगणार नाही, कारण तसं झालं नाही. एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी विचारलंच, "हे लागट नाही ना?" ताईंनी उत्तर दिलं, "नाही हो, कोड संसर्गाने होत नाही. डॉक्टरांना विचारा." त्या बाईंनी परत मसाला नेला नाही. ताईंना दोन दिवस वाईट वाटलं. पण पुढच्या उन्हाळ्यात पुण्याच्या त्याच सोसायटीतून फोन आला. ताईंचं जुनं उत्तर चॅटमध्ये होतं, वर नवा फोटो होता. बाई म्हणाल्या, "आता कळलं आपण कोणाशी बोलतोय." या वेळी बारा किलोची ऑर्डर आणि अर्धे पैसे त्याच दिवशी. मधल्या काळात ताईंनी स्वतःच्या नावाने खातंही उघडलं होतं. तेही फोटोइतकंच महत्त्वाचं, हे विसरू नका.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र वेगळी. धाकटीने तो फोटो बघितला आणि म्हणाली, "ही आई."

तुमचा गृहपाठ

येत्या रविवारी दोन तास काढा.

- शनिवारी कॅमेरा मागून आणा, बॅटरी चार्ज करा.
- रविवारी सकाळी घरात फिरून चांगला उजेड देणारी खिडकी ठरवा.
- वर्तमानपत्र वाचून झालं की टाकू नका, फोकसला लागेल!
- दार लावा, टायमर लावा, पन्नास फोटो काढा.
- सोमवारी तीन निवडा, दोघांना दाखवा, एक ठरवा.
- मंगळवारी सगळीकडे तोच लावा.

पहिल्या दिवशी जमलं नाही तर पुढच्या रविवारी परत. कोणी बघत नाहीये. एकट्याने फोटो काढण्याचा हाच तर फायदा आहे.

आणि हो, त्या काकांचा प्रश्न अजून बाकी आहे. तो हात माझ्या मेव्हण्याचा होता. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही की त्यांचा हात सहा फुटी फ्लेक्सवर झळकला होता!

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत डीपी बदला.